पाषाण तलावाच्या परिसरात घर घेताना: जागा, पाणी आणि शेजार पारखण्याची रीत

पाषाण तलावाच्या बाजूला घर पाहायला येणारी मंडळी बहुतेक वेळा हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी येतात. सातव्या-आठव्या मजल्याच्या गॅलरीतून पाणी दिसते, पलीकडे टेकडी दिसते, हवा गार असते आणि निर्णय तिथेच अर्धा होऊन जातो. पाषाण, सुतारवाडी, सूस रस्ता, बावधन आणि बाणेरचा पाषाणकडचा भाग हा आज पुण्यातला सधन, उच्चभ्रू समजला जाणारा पट्टा आहे. इथले घर म्हणजे बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यभराच्या कमाईचा व्यवहार असतो. म्हणून तो गॅलरीत उभे राहून न ठरवता जमिनीवरून चालत ठरवावा, असे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. कुठून चालायला सुरुवात करावी, कोणत्या ऋतूत यावे, कोणते कागद मागावेत आणि राहायला आल्यावर इथल्या लोकांत कसे मिसळावे, ते पुढे सांगतो.

आधी नदी

पाषाणचा तलाव नैसर्गिक नाही. इंग्रजी अमदानीत रामनदीवर बांध घालून तो तयार करण्यात आला, आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या निवासस्थानाला, म्हणजे जिथे आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे त्या आवाराला, त्याचे पाणी जात असे. रामनदी भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, भूगाव आणि बावधनमधून वाहत तलावात येते आणि तलावातून सुटल्यावर पाषाण गावठाण, सोमेश्वरवाडी आणि बाणेर ओलांडून मुळेला मिळते. उगमापासून संगमापर्यंतची तिची सगळी वाट वीस किलोमीटरच्या आतली आहे. एवढ्या लहान नदीच्या काठाने गेल्या तीस वर्षांत जे शहर उभे राहिले, त्याचे पावसाचे पाणी आणि बरेचसे सांडपाणीही तिलाच सोसावे लागते. तलाव कसा आहे हे वरच्या अंगाला बावधन-भूगावात काय चालले आहे त्यावर ठरते, आणि तलावाखालच्या घरांचे पावसाळे कसे जातील हे नदीच्या पात्राला किती जागा उरली आहे त्यावर ठरते. या परिसरातले कोणतेही घर पाहताना पहिला प्रश्न म्हणूनच असा असावा: हे घर रामनदीच्या वाटेवर नेमके कुठे आहे?

याचे उत्तर मिळवायला अर्धा दिवस पुरतो. सकाळी बावधनच्या बाजूने सुरुवात करावी, पुलावर थांबून पाण्याचा रंग आणि वास पाहावा, मग तलावावर यावे, बांधाच्या खालच्या अंगाला जावे आणि शेवटी सोमेश्वरवाडीतल्या सोमेश्वर मंदिरापाशी थांबावे. हे शिवमंदिर नदीच्या काठीच आहे. जिजाबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचे इथली परंपरा सांगते. वाटेत नदीला मिळणारे ओढे कुठे उघडे आहेत, कुठे नळकांड्यांत घातलेले आहेत आणि कुठे रस्त्याखाली दिसेनासे झाले आहेत, हे लक्षात ठेवावे. ओढा डोळ्यांआड झाला तरी पाण्याचा उतार बदलत नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी जुन्या वाटेनेच येते. पात्र एकाएकी अरुंद झालेले दिसले तर दोन्ही काठांवरच्या भिंती आणि भराव नव्याने झालेले आहेत का, तेही पाहावे.

मंदिरापाशी किंवा गावठाणातल्या पारावर बसलेल्या वयस्कर माणसांशी बोलायला संकोच करू नये. ‘काका, ही इमारत आहे तिथे पूर्वी काय होते?’ एवढा एक प्रश्न पुरतो. भातखाचर होते, मळा होता, ओढा होता, दगडाची खाण होती, यांपैकी कोणते उत्तर येते त्यावर पायाखालच्या जमिनीची बरीच कल्पना येते. जुन्या लोकांनी गावठाण सहसा पुराच्या पाण्याच्या वर बसवलेले असते. आपल्या इमारतीचे तळघर गावठाणाच्या किती खाली आहे, हे नुसत्या नजरेनेही कळते.

पुराची आठवण आणि पूररेषा

४ ऑक्टोबर २०१० या दिवशी पाषाण भागात ढगफुटी झाली. तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला की त्याला ढगफुटी म्हणण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी इथे साधारण दीड तासात १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. पुण्याचा पूर्ण पावसाळ्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आगेमागे असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दीड तासाचा अर्थ कळतो. रामनदी आणि तिला मिळणारे ओढे फुगले आणि काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. इमारत २०१०च्या आधीची असेल तर पाणी कुठपर्यंत आले होते, हे सोसायटीच्या जुन्या सभासदांना किंवा शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावे. नंतरची असेल तर ती जागा तेव्हा कशी होती, हे विचारावे.

आठवणीला कागदाची जोड हवी. नदीकाठच्या जमिनींसाठी महाराष्ट्रात दोन पूररेषा आखल्या जातात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवतात आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो; निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला अटी असतात. विकास आराखड्याच्या भाग नकाशावर या रेषा दिसतात, आणि पाषाण-बाणेरसाठी हा नकाशा महानगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडून अर्ज करून मिळवता येतो. विक्रेत्याने मोबाइलवर दाखवलेल्या चित्रावर विसंबू नये. शिक्क्याचा नकाशा हातात घ्यावा आणि त्यावर आपला सर्व्हे क्रमांक स्वतः शोधावा. इमारत कायदेशीररीत्या दोन रेषांच्या मधे असू शकते, त्यात गैर काही नाही. मात्र अशा इमारतीत गाड्यांचे तळघर, विजेचे मुख्य पॅनेल आणि पाण्याचे पंप कोणत्या पातळीवर ठेवले आहेत, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आठव्या मजल्यावर राहणाऱ्यालाही पंप बुडाले की पाणी मिळत नाही आणि पॅनेल बुडाले की लिफ्ट चालत नाही.

याच नकाशावर टेकड्यांकडेही पाहावे. बाणेर, पाषाण, सुतारवाडी आणि बावधनच्या टेकड्यांच्या उतारांवर जैववैविध्य उद्यानाचे, बोलीभाषेत ‘बीडीपी’चे, आरक्षण आहे. तिथले गुंठ्यावारीचे तुकडे किंवा ‘लवकरच मोकळे होणारे’ बंगल्याचे प्लॉट कितीही स्वस्त मिळाले तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कागद

बाकीचे कागद पुण्यात कुठेही घर घेताना लागतात तेच आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. नव्या प्रकल्पाची महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरची नोंद वाचावी, त्यात मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख आणि चालू दावे दिसतात. विक्री करार नोंदवण्यापूर्वी विकसकाला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. जुन्या घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला खरेदीच्या नोंदीचा उतारा), वकिलाचा मालकीबद्दलचा तीस वर्षांचा शोध अहवाल आणि जमिनीचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे. खरेदीखत घरातल्या स्त्रीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि इथल्या किमतींचा विचार करता ती रक्कम लहान नसते.

दोन गोष्टी मात्र खास या परिसराच्या आहेत. पहिली, सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे २०२१ मध्ये महानगरपालिकेत आली. तिथल्या त्याआधीच्या इमारतीची परवानगी कोणत्या यंत्रणेने दिली होती, आणि ती देण्याचा अधिकार त्या यंत्रणेला होता का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. एकाच सूस रस्त्यावर हजार पावलांच्या अंतराने दोन इमारतींचे कागद वेगवेगळ्या कार्यालयांतून निघालेले असू शकतात. दुसरी, पाषाण आणि सुतारवाडीत संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थांच्या मोठ्या जमिनी आहेत. त्यांच्या कुंपणालगत बांधकामावर निर्बंध असतात. इमारत भिंतीच्या जवळ असेल तर संबंधित आस्थापनेचे ना-हरकत पत्र मागावे.

सोसायटीची नोंदणी १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली आहे की १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली, हेही विचारून ठेवावे. पुण्यात दोन्ही प्रकार आढळतात. पहिल्यात भागदाखला मिळतो, दुसऱ्यात अपार्टमेंटचा घोषणालेख आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा असतो, आणि पुढे इमारतीचा पुनर्विकास करायची वेळ आली की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि डास

समोर तलाव आहे म्हणून नळाला पाणी भरपूर असेल, असा समज अनेकांचा होतो. तलावाचे पाणी आज पिण्यासाठी वापरले जात नाही. पुण्याचे बहुतेक पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते, आणि शहराच्या पश्चिमेकडच्या वाढत्या भागांत ते पुरेसे पोहोचत नाही म्हणून बाणेर, सूस आणि बावधनच्या कित्येक सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. ‘पाण्याचा काही त्रास नाही’ या तोंडी उत्तरावर थांबू नये. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवलेला मागच्या वर्षीचा ताळेबंद मागावा आणि त्यातला टँकरचा खर्च पाहावा. मार्च ते मे या तीन महिन्यांची बिले वेगळी मिळाली तर आणखी चांगले. महापालिकेचे पाणी दिवसातून किती वेळ येते, कूपनलिका किती आहेत आणि मे महिन्यात त्यांतल्या किती चालू असतात, हे अध्यक्षांना विचारण्यापेक्षा पंप चालवणाऱ्या माणसाला विचारावे. त्याला हे रोजच्या अनुभवाने ठाऊक असते.

सांडपाण्याबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो, कारण तलावाचे दुखणे तिथेच आहे. मैलापाण्यातून नत्र आणि स्फुरद तलावात उतरते, त्यावर जलपर्णी पोसली जाते आणि काही आठवड्यांत पाण्यावर हिरवी चादर पसरते. वरून ती सुंदर दिसते. खाली मात्र उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी अडचणीत येतात आणि साचलेल्या घाण पाण्यात डास वाढतात. महापालिका यंत्रे आणि माणसे लावून जलपर्णी काढते, पण वरून येणारे खत थांबत नाही तोवर ती पुन्हा उगवते. घर तलावाच्या अगदी जवळ असेल तर मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात गॅलरीत बसून पाहावे. माझ्या एका नातेवाइकांनी तलावाकडे तोंड असलेली गॅलरी म्हणून वाढीव रक्कम मोजली आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिला जाळी बसवून घेतली. आता संध्याकाळी ते दार बंदच असते.

वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यांच्याकडून स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अपेक्षा असते. मोठी सोसायटी पाहायला गेल्यावर बाग आणि पोहण्याचा तलाव दाखवून झाला की हे केंद्र दाखवण्याचा आग्रह धरावा. ते चालू आहे का, त्याचे पाणी बागेला आणि शौचालयांना जाते का, त्याच्या विजेचे बिल किती येते, हे विचारावे. बंद पडलेले केंद्र म्हणजे त्या सोसायटीचे मैलापाणी गटारात आणि तिथून रामनदीत जाण्याची शक्यता, आणि आपण घर घेतल्यावर त्यात आपलाही वाटा असतो.

रस्ते

रविवारी सकाळी दहा मिनिटांत कापलेले अंतर मंगळवारी सकाळी साडेनऊला पुन्हा कापून पाहावे. पाषाण-सूस रस्ता, बाणेर-पाषाण जोडरस्ता आणि विद्यापीठ चौक या तीन ठिकाणी आपल्या रोजच्या वेळेचा हिशेब ठरतो. चांदणी चौकातली नवी पूलरचना ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाल्यापासून कोथरूड आणि मुळशीच्या दिशेने जाणे सुसह्य झाले आहे. मुंबई-बंगळूर महामार्ग तलावापासून दूर नाही. हिंजवडीला जाणाऱ्यांना त्याची सोय आहे, पण रात्री दोन वाजता त्यावरच्या अवजड वाहनांचा आवाज शयनगृहात किती येतो, हे एकदा तपासावे. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचा मार्ग बाणेर रस्त्याने जातो. जाहिरातीत ‘मेट्रोलगत’ असे लिहिलेले असले तरी सुतारवाडीतून स्थानकापर्यंत चालत जाऊन वेळ मोजावा.

शेजार

हा परिसर एकाच प्रकारच्या लोकांचा नाही, आणि त्याचे मोल मला त्यातच वाटते. पाषाण, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर ही मुळात शेतकऱ्यांची गावे. ३ जानेवारी १९५० रोजी पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर हवामानशास्त्र संस्था, शस्त्रास्त्र संशोधनाच्या संस्था, २००६ साली विज्ञान शिक्षणाची आयसर अशी संस्थांची रांगच इथे लागली. त्यांच्या वसाहतींमधून देशभरातली कुटुंबे गावकऱ्यांच्या शेजारी राहू लागली. पंचवटी आणि अभिमानश्रीसारख्या भागांत बंगले आले, लोयोलासारख्या शाळांमुळे शहरातली मुले इकडे येऊ लागली. हिंजवडीत संगणक कंपन्या आल्यावर उंच इमारती आणि त्यांच्याबरोबर नव्या पैशाची वस्ती आली. याच सोसायट्यांमध्ये धुणे-भांडी, स्वयंपाक, राखण आणि बागकाम करणारी माणसे जवळच्या वस्त्यांमध्ये राहतात. या सगळ्या थरांशी ओळख झाल्याशिवाय पाषाणात राहिल्यासारखे होत नाही. फाटकाच्या आत सगळी सोय असलेल्या सोसायटीत दहा वर्षे काढून गावठाण न पाहिलेली माणसे मला भेटली आहेत आणि त्याचे वाईट वाटते.

ओळखीची सुरुवात साध्या गोष्टींनी करावी. भाजी गावठाणातून घ्यावी आणि मराठीतून बोलावे. नवी भाषा शिकणाऱ्याला इथले लोक प्रेमाने सांभाळून घेतात. महाशिवरात्रीला सोमेश्वराच्या दर्शनाला जावे. गावच्या उत्सवाची वर्गणी मागायला मुले आली तर दारातून परत न पाठवता मंडळ वर्षभर काय करते ते विचारावे आणि जमेल तेवढे द्यावे. बाणेर आणि पाषाणच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षे झाडे लावून ती उन्हाळ्यात पाणी घालून जगवणारे स्वयंसेवक आहेत. पहाटे एक बाटली पाणी घेऊन टेकडीवर गेले की त्यांच्यात ओळखपत्राविना प्रवेश मिळतो. रामनदीच्या स्वच्छतेसाठीही अधूनमधून लोक जमतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास या भागातल्या प्रयोगशाळांचे दरवाजे सहसा लोकांसाठी उघडतात. मुलांना घेऊन जावे.

कचरा उचलायला येणारी ताई बहुधा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची सभासद असते. तिचे नाव विचारावे, ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा द्यावा आणि ठरलेले शुल्क वेळेवर द्यावे. गणपती विसर्जनासाठी तलावाकडे किंवा नदीकडे जाऊ नये. सोसायटीतला हौद किंवा घरची बादली वापरावी. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत याच पाषाणातल्या रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली आणि पुणे महापालिकेबरोबर ती लोकांपर्यंत नेली. विरघळल्यानंतर वर उरणारे पाणी झाडांना खत म्हणून घालता येते. मूर्ती शाडूची असली तर साधे पाणी पुरते.

राहायला आल्यावर औंध-बाणेर क्षेत्रीय कार्यालयात, बावधनकर असल्यास कोथरूड-बावधन कार्यालयात, मिळकतकराच्या बिलावर आपले नाव लावून घ्यावे. स्वतः राहत असलेल्या घराला मिळणाऱ्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज द्यायला अनेक जण विसरतात.

तलावावर जाताना

पहाटे, उजाडता उजाडता जावे. सोबत दोघे-तिघेच असावेत, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि मोबाइलवरची गाणी बंद असावीत. पक्ष्यांना पाव किंवा फरसाण टाकू नये. त्याने त्यांचे पोट बिघडते आणि पाण्याची घाणही वाढते. काठावरच्या झुडपांत शिरून छायाचित्रे काढू नयेत, विशेषतः पावसाळ्यात, कारण तेव्हा पुष्कळ पाणपक्ष्यांची घरटी असतात. जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे, बगळे, वारकरी, शेकाट्या आणि खंड्या इथे सवयीने ओळखता येऊ लागतात. हिवाळ्यात स्थलांतरित बदकांचीही वाट पाहावी. जलपर्णी पसरलेली असेल त्या आठवड्यात पाणी उघडे राहिलेला कोपरा शोधून तिथे बसावे, पक्षीही तिथेच गोळा होतात. दुर्बीण नसली तरी अडत नाही. हळदी-कुंकू बदक काठाजवळ आले की त्याच्या काळ्या चोचीचे पिवळे टोक आणि चोचीच्या मुळाशी असलेले दोन लाल ठिपके सकाळच्या उन्हात नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.